छत्री कीं केबल ?

आमच्या मंडळाच्या कित्येक सभासदांनीं गेल्या दोन पावसाळ्यांत आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारला आहे. घरावर छत्री बसवावी कीं गांवांतील केबलची जोडणी घ्यावी, आणि वादळपावसांत या दोहोंपैकीं विश्वासास पात्र कोणती, असा तो प्रश्न होय. हा विषय करमणुकीचा आहे, शेतकीच्या मासिकांत त्यास जागा कशास, असें कोणी म्हणेल. परंतु ज्याची सोयाबीनची गंजी उघड्यावर उभी आहे आणि घरांतील ताडपत्री एकाच गंजीस पुरेल एवढी आहे, त्यास सायंकाळचें हवामानवृत्त ऐकावयास मिळालें कीं नाहीं, ही गोष्ट करमणुकीची खास नव्हे. म्हणून आम्हांस जें दिसलें व जें समजलें तें येथें मांडितों.

तलवाड्यांत चार माणसें पारावर बसलीं म्हणजे छत्रीविषयीं जें बोललें जातें त्याचा सारांश इतकाच, कीं आभाळ भरून आलें कीं छत्री बंद पडते आणि केबल चालूच राहते. यांतील अर्धा भाग खरा आहे. राहिलेल्या अर्ध्या भागानें पुष्कळांची फसगत केली आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं उपग्रहावरून चित्र येतें म्हणून तें पावसांत जातें, अशी जी समजूत आहे ती बरोबर नाहीं. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत आपल्या देशांत उपग्रहाच्या द्वारें खेड्यांस शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत त्या वर्षीं दूरचित्रवाणीचे संच बसविले गेले. महाराष्ट्राचा त्यांत समावेश नव्हता. परंतु शेजारच्या कर्नाटकांतील गुलबर्ग्याकडील खेडीं त्यांत होतीं. तेथें वापरलेली छत्री सुमारें तीन मीटर व्यासाची असून कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीची केलेली होती. त्या प्रयोगांतील लहरींची लांबी सुमारें ३५ सेंटिमीटर, म्हणजे हातभरापेक्षां थोडी कमी होती. एवढ्या लांब लहरीस पावसाच्या थेंबाची मातब्बरी वाटत नाहीं. आमच्या जिल्ह्यांत अंबाजोगाईस दूरदर्शनचा जो मनोरा होता त्याच्या लहरी याहूनही लांब असत. जुन्या लोकांस आठवत असेल, बांबूच्या शेंड्यास अॅल्युमिनियमच्या कांड्यांचा अँटेना बांधून तो वाऱ्यानें फिरला कीं एकानें माळवदावर चढून तो वळवावयाचा आणि दुसऱ्यानें खालून "आलं, आलं, थांब" म्हणून ओरडावयाचें. चित्रावर मुंग्या येत, पण पावसानें आवाज तुटत नसे. दूरदर्शननें २०२२ पर्यंत असले जुन्या पद्धतीचे मनोरे मोजके वगळून देशभर बंद केले, आणि खेड्यापुढें छत्री व केबल हे दोनच मार्ग उरले.

आज घराघरांवर दिसणारी लहान छत्री ज्या लहरी झेलते त्यांची लांबी अवघी अडीच सेंटिमीटर आहे. यांत्रिक लोक त्या पट्ट्यास 'के-यू बँड' म्हणतात. लहर आंखूड असल्यामुळें छत्री लहान करतां येते, ती दोन बोल्टांनीं भिंतीस बसते व गरिबासही परवडते. हा तिचा गुण होय. दोषही त्याच गुणाच्या पोटीं आहे. मुसळधार पावसाचा थेंब चार-पांच मिलिमीटरांचा असतो. अडीच सेंटिमीटरांच्या लहरीच्या मानानें तो लहान खरा, पण उपेक्षणीय नव्हे. असे असंख्य थेंब वाटेंत आले म्हणजे लहरीची कांहीं शक्ति ते शोषून घेतात व कांहीं इतस्ततः उधळून देतात. केबलवाल्यांच्या मुख्य केंद्रावर ज्या मोठाल्या छत्र्या असतात त्या बहुधा सुमारें साडेसात सेंटिमीटरांच्या, म्हणजे 'सी बँड' नांवाच्या लहरी घेतात. त्यांवर पावसाचा परिणाम फारच थोडा होतो. याचा अर्थ असा, कीं केबलचें चित्रही उपग्रहावरूनच येतें. फक्त तें पाऊस सोसणाऱ्या लहरीनें मोठ्या छत्रींत उतरतें व तेथून तारेनें आपल्या घरीं पोंचतें.

दुसरी गोष्ट दिशेची. दूरदर्शनची फुकट सेवा, जिला 'डी. डी. फ्री डिश' म्हणतात, ती पृथ्वीच्या विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर भासणाऱ्या उपग्रहावरून येते. आमच्या गेवराई तालुक्यांतून पाहिलें असतां तो उपग्रह बरोबर आग्नेयेस व क्षितिजापासून सुमारें साठ अंश वर येतो. छत्तीस हजार किलोमीटरांचा हा प्रवास निर्वेध होतो आणि अखेरच्या पांच-सहा किलोमीटरांत घोटाळा होतो, कारण पाऊस पाण्याच्या रूपानें असतो तो जमिनीपासून पावसाळ्यांत सुमारें पांच किलोमीटर उंचीपर्यंतच. त्यावर ढग असला तरी त्यांत बर्फाचे कण असतात, आणि कोरडें बर्फ या लहरींस फारसें अडवीत नाहीं. हिशेब केल्यास असें निघतें, कीं छत्रीच्या आग्नेयेस तीन किलोमीटरांच्या, म्हणजे सुमारें एका कोसाच्या आंत जोराचा पाऊस असेल तरच चित्र बिघडावें. काळें आभाळ, धुकें, झिमझिम, पुनर्वसु-पुष्याची संततधार यांनीं नीट बसविलेली छत्री बंद पडत नाहीं. ती बंद पडते वळवाच्या सरीनें, परतीच्या पावसानें आणि हत्तीच्या पावसानें. यांतून एक लहानसा लाभही आहे. भाद्रपद-आश्विनांत बंगालच्या उपसागराकडून सरकत आलेला पाऊस पुष्कळदां पूर्वेकडून व आग्नेयेकडून येतो. अंगणांत एकही थेंब नसतांना चित्राचे चौकोन पडूं लागले, तर पाऊस एका कोसावर आहे असें समजून खळ्याकडे धांव घेण्यास हरकत नाहीं. आम्हीं स्वतः दोन वेळां असें केलें आहे. एक वेळ उपयोग झाला, दुसऱ्या वेळीं पाऊस बगल देऊन गेला व घरच्यांनीं आमची यथेच्छ थट्टा केली.

आतां केबलकडे वळूं. केबलच्या बाजूनें जें बोललें जातें तें पावसाच्या ऐन घटकेपुरतें खरें आहे. सर धों धों कोसळत असतांना शेजारच्या घरीं छत्रीवरचें चित्र गोठून गेलेलें व केबलच्या घरीं मालिका सुखेनैव चाललेली आम्हीं पाहिली आहे. परंतु शेतकऱ्यानें यंत्राची परीक्षा एका घटकेवरून करूं नये. मोटार पहिल्या दिवशीं किती पाणी फेंकते याहून ती उन्हाळ्यांत किती वेळां जळते हें आपण विचारतों. तोच न्याय येथें लावावा. केबल ही एक लांबलचक सांखळी आहे. मुख्य केंद्र कोठें तरी मोठ्या शहरांत, तेथून कांचेच्या तंतूनें तालुक्यास, तेथून गांवास, गांवांत खांबाखांबावरून, लिंबाच्या फांदीवरून, कोणाच्या तरी माळवदाच्या कठड्यावरून घरापर्यंत. मध्यें जागोजाग चित्राचा जोर वाढविणाऱ्या पेट्या असतात, व त्यांस वीज लागते. आपल्या घरीं इन्व्हर्टर असला तरी पलीकडच्या गल्लींतील पेटीची वीज गेली कीं आपला संच आंधळा. छत्रीचें तसें नाहीं. आपल्या घरांत वीज अगर बॅटरी असली कीं पुरे.

ज्येष्ठांतील एका वादळाचा आमचा अनुभव सांगतों. वारा पाऊण तास होता, पाऊस त्याहून कमी. छत्री असलेल्या घरीं चित्र अर्ध्या तासानें परत आलें. म्हणजे वीज आल्यावर लगेच आलें असतें, पण वीजच दुसऱ्या दिवशीं दुपारीं आली. केबल असलेल्या घरांस मात्र पांचव्या दिवशीं चित्र दिसलें. एका ठिकाणीं फांदीनें तार तोडली होती, दुसऱ्या ठिकाणीं विजेच्या लोळानें पेटी जळाली होती, आणि दुरुस्तीस येणारा माणूस एक व गांवें सात. त्या माणसाचा दोष आम्ही काढीत नाहीं. तो बिचारा भिजत खांबावर चढत होता. बिल मात्र पुऱ्या महिन्याचें आलें. कारखान्यांचा हंगाम चालू झाल्यावर तर वादळाचीही गरज उरत नाहीं. उंच भरलेला उसाचा ट्रक रस्ता ओलांडणाऱ्या तारेस अडकला कीं आकाश निरभ्र असूनही अर्धा गांव अंधारांत. जमिनींत पुरलेला कांचेचा तंतु वादळास व विजेच्या लोळास भीत नाहीं हें खरें; पण पाण्याच्या नळासाठीं चर खणणाऱ्या यंत्रास तो ओळखतां येत नाहीं.

म्हणजे छत्री वारंवार बंद पडते व मिनिटांनीं परत येते. केबल क्वचित् बंद पडते व दिवसांनीं परत येते. या दोहोंत शेतकऱ्याचें नुकसान कशांत अधिक, हा खरा प्रश्न आहे, आणि आमच्या मतें त्याचें उत्तर स्पष्ट आहे. हवामानवृत्ताचा उपयोग पावसाच्या आधीं असतो. सर डोक्यावर कोसळत असतां संच चालू असला काय व नसला काय, त्या घटकेस गंजी झांकणें होत नाहीं. परंतु वादळी पाऊस एकटा येत नाहीं. वळवाचे असोत वा परतीचे असोत, ते तीन-चार दिवस लागोपाठ ठरल्या वेळीं येतात. पहिल्या वादळानें जी केबल तुटली ती दुसऱ्या व तिसऱ्या वादळाची वर्दी देऊं शकत नाहीं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत मराठवाड्यावर गारपीट झाली ती एका दिवसाची नव्हती. अनेक दिवस आज या तालुक्यांत तर उद्यां त्या तालुक्यांत ती हिंडत होती. अशा वेळीं आज संध्याकाळीं अर्धा तास गेलेल्या चित्रापेक्षां उद्यां सबंध दिवस नसलेलें चित्र अधिक महाग पडतें. म्हणून विश्वासाच्या कसोटीस आम्ही छत्रीस वरचा क्रमांक देतों.

यावर एक आक्षेप आहे व तो हलका नाहीं. पुराची वर्दी पाऊस चालू असतांनाच यावयाची असते. सप्टेंबर २०२५ मध्यें मराठवाड्यांत जी अतिवृष्टि झाली तींत नाथसागरांतून सोडलेलें पाणी गोदाकांठच्या गांवांत शिरलें. आणि त्याच दिवसांत येथें वरूनही पाऊस थांबत नव्हता. गेवराई तालुक्याची उत्तर सीमाच गोदावरीची आहे. तेथील माणसानें छत्रीकडे पाहत बसावें काय ? आमचें उत्तर असें, कीं त्यानें छत्रीकडेही पाहूं नये व केबलकडेही पाहूं नये. पाणी किती सोडलें हें कळावयास घरांत सेलवर चालणारा एक रेडिओ असावा. परभणीच्या आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेंकडों मीटर लांब आहेत. पावसानें त्यांचें कांहीं बिघडत नाहीं. वीज कडाडली कीं खरखर येते, पण खरखरींतूनही शब्द ऐकूं येतो. याशिवाय भ्रमणध्वनि आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनें काढलेलें 'दामिनी' हें ॲप आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरांत वीज पडण्याचा संभव असल्यास कळवितें. हवामान खातें व परभणीचें वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ यांचा कृषिसल्ला मंगळवारीं व शुक्रवारीं निघतो, तो वाचून ठेवणारा तरुण प्रत्येक घरीं आज आहे. मनोरा विजेअभावीं बंद पडेपर्यंत हें साधन चालतें. त्यापुढें जुनी दवंडीच.

हा झाला गावठाणांतील माणसाचा विचार. शेतवस्तीवर राहणाऱ्यास तर निवड करण्याचा प्रश्नच नाहीं. दोन घरांसाठीं दीड किलोमीटर तार ओढावयास कोणी येत नाहीं, आणि आली तरी ती तार विहिरीच्या वाटेवर किती दिवस टिकेल याची कल्पना करावी. ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें दिवाळीनंतर घरास कुलूप लावून निघतात. बंद घराचें केबलचें भाडें त्यांनीं कां भरावें? डिसेंबर २००४ मध्यें 'डी. डी. डायरेक्ट प्लस' या नांवानें सुरू झालेल्या दूरदर्शनच्या सेवेस, म्हणजे आजच्या फ्री डिशला, मासिक वर्गणी मुळींच नाहीं. छत्री व बॉक्स एकदां विकत घेतला कीं झालें. सह्याद्री वाहिनी व मे २०१५ मध्यें सुरू झालेली किसान वाहिनी तीवर दिसतात. खाजगी कंपन्यांच्या छत्र्यांवर वाहिन्या अधिक आहेत व वर्गणीही आहे. पावसाच्या बाबतींत त्या सर्व एकाच माळेचे मणी आहेत, हें त्यांच्या दलालांच्या तोंडून ऐकावयास मिळणार नाहीं म्हणून येथें सांगून ठेवितों.

आतां पावसाच्या नांवावर खपणाऱ्या आपल्या स्वतःच्या चुकांविषयीं. आम्हीं गांवांतील दहा-बारा छत्र्या पाहिल्या, त्यांपैकीं निम्म्या पावसानें बंद पडत नसून हयगयीनें बंद पडत होत्या. एकीचे बोल्ट ढिले होऊन ती वाऱ्यानें दोन बोटें खालीं झुकली होती. स्वच्छ आकाशांत चित्र येई, पण जोर इतका थोडा उरलेला कीं साधी सर आली तरी तें जाई. नव्या पद्धतीच्या चित्राचा स्वभावच असा आहे कीं तें हळूहळू पुसट होत नाहीं. पुरेसा जोर आहे तोंपर्यंत उत्तम दिसतें, आणि तो सरला कीं एकदम चौकोन पडून नाहींसें होतें. त्यामुळें छत्री कडेलोटाच्या कांठावर उभी आहे हें उन्हाळ्यांत कोणासच कळत नाहीं. दुसऱ्या घरीं एल. एन. बी. च्या तोंडावरील झांकण उन्हानें तडकून आंत पाणी जात होतें. तिसऱ्या घरीं तार वरून सरळ खालीं आणून जोडाला लावली होती, त्यामुळें पाणी तारेवरून ओघळत जोडांत उतरे. जोडाच्या आधीं तारेस खालीं एक झोळ दिला असता तर तें तेथेंच टपकलें असतें. चौथ्या घरीं आग्नेयेस लिंबाची फांदी होती. चैत्रांत छत्री बसविली तेव्हां ती आड येत नव्हती. आषाढांत पालवी वाढून भिजली व आड आली. हीं चारही कामें मृगापूर्वीं एका सकाळीं होण्याजोगीं आहेत.

ज्यास पावसांतही चित्र हवेंच आहे त्यानें साठ सेंटिमीटरांऐवजीं नव्वद सेंटिमीटरांची छत्री घ्यावी. व्यास दीडपट झाला कीं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतें व तितकी अधिक शक्ति गोळा होते. ढगफुटीसारख्या पावसांत तीही हात टेंकील, पण मध्यम सरी निभावतील. मोठ्या छत्रीस वारा अधिक धरतो, तेव्हां ती पत्र्यावर न लावितां पक्क्या भिंतींत गाडलेल्या खांबावर लावावी. आणि छत्री असो वा केबल असो, आकाशांत गडगडाट सुरू झाला कीं विजेचा प्लग व ती तार दोन्ही काढून ठेवावीं. नुसतें बटन बंद करून संच वांचत नाहीं. मार्चच्या पूर्वार्धांत व ऑक्टोबरच्या आरंभीं कांहीं दिवस भर उन्हांत थोडीं मिनिटें चित्र जातें, तो दोष कोणाचाच नव्हे. सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागें येतो म्हणून तसें होतें, आणि त्या वेळीं केबलवाल्यांचीही तीच गत असते. त्यासाठीं यांत्रिकास बोलावून पैसे देऊं नयेत.

केबलवाल्यांशीं आमचें वैर नाहीं. गावठाणांत त्यांनीं दिलेलें चित्र स्वच्छ असतें, म्हाताऱ्या माणसांस छत्रीवर चढण्याची यातायात पडत नाहीं, आणि बिघाड सांगावयास ओळखीचा माणूस असतो. त्यांच्याकडे आमचीं दोन मागणीं आहेत. जोर वाढविणाऱ्या प्रत्येक पेटीस निदान एका रात्रीची बॅटरी असावी. आणि तीन दिवसांहून अधिक सेवा बंद राहिल्यास तितक्या दिवसांचें भाडें बिलांतून वजा व्हावें. मंडळाच्या सभासदांनीं एकत्र मिळून हें मागितलें तर तें मिळेल असें आम्हांस वाटतें. एकेकट्यानें मागून आजवर मिळालेलें नाहीं.

आमच्या विधानांस आधार म्हणून गांवांतील दहा-बारा घरें व आमचा स्वतःचा अनुभव एवढेंच आहे, आणि तें थोडें आहे. म्हणून सभासदांस विनंति, कीं येत्या मृगापासून चित्रा नक्षत्र संपेपर्यंत घरांतील एखाद्या शाळकरी मुलाकडून वहींत टिपण ठेववावें : तारीख, चित्र गेल्याची वेळ, परत आल्याची वेळ, त्या वेळीं घरांत वीज होती कीं नव्हती, पाऊस कोणत्या दिशेकडून आला, आणि घरीं छत्री कीं केबल. छत्री असल्यास ती केवढी, हेंही लिहावें. टिपणें मंडळाच्या कचेरींत दिवाळीपर्यंत पोंचावीं. तीं एकत्र करून आम्ही मार्गशीर्षाच्या अंकांत देऊं.